चार-चाळीसला सूर्य जातो

आता मोबाइल पेटवू नकोस, आन्री. बसू दे अंधारात.
बॅटरी बसली आहे, आणि गाडी ढकलायला
या गावात आज शुद्धीत कुणी नाही.

तुला सकाळीच सांगितलं होतं,
स्वानेतीत सूर्य मावळत नाही, डोंगराआड जातो.
ऑक्टोबरात चार-चाळीसला.
दार लोटावं तसा उजेड बंद.
वर शिखरावर तासभर ऊन रेंगाळतं,
त्याचा आपल्याला काडीचा उपयोग नाही.

म्हणून मी तीनलाच तमादाच्या कानाशी लागले.
गिगोकाका, म्हटलं, दोनच प्याले, मग नवरी मला द्या.
त्यांनी शिंग उचललं
आणि मेलेल्यांपासून सुरुवात केली.
आमच्याकडे मेलेले पुष्कळ.

तोवर तुला उभा केला नवरीच्या जागी.
तू बावळटासारखा अक्रोडाखाली गेलास.
तिथली सावली गार, पण पानांतून गाळलेली, हिरवी;
पांढऱ्या झग्यावर शेवाळ चढतं,
चेहरा काविळीतून उठल्यासारखा.
बुरुजाच्या सावलीत ये म्हटलं. कडेला. अजून.
सावली संपते तिथून एक पाऊल आत.
समोर उन्हात तापलेली चुन्याची भिंत,
तो आपला दिवा. बिल येत नाही.
मोजायचं ते चेहऱ्यावर, आकाशावर नाही.
आकाश पांढरं पडलं तर पडू दे,
नवऱ्याच्या आत्याने आकाशाचे पैसे दिलेले नाहीत.
आणि फ्लॅश मिठासारखा, लागला की बिघडला.
त्यावर नारिंगी कागद चिकटव,
नाहीतर नवरी उन्हात आणि नाक दवाखान्यात.

सगळं बरोबर होतं.
फक्त नवरी नव्हती.

दारेजानच्या आईचा लग्नातला फोटो
माझ्याच बापाने काढलेला.
भर बाराला, याच अंगणात. त्याला कोण शिकवणार?
कपाळ लख्ख, नाक लख्ख,
डोळ्यांच्या जागी दोन खळगे.
पुढे ती बाई बाळंतपणात गेली. दुसरा फोटो नाही.
आगाऊ पैसे देताना दारेजान एवढंच म्हणाली होती,
माझे डोळे दिसू देत.

आतला तो लांबलेला प्याला त्याच आईचा होता.
मी दारात उभी राहून घड्याळ बघत होते.

ती बाहेर आली पाच-दहाला.
भिंत विझलेली. अंगण राखेच्या रंगाचं.
रडून रडून चेहरा कागदासारखा,
नवरा तिच्या कोपराला धरून, कुठे बघावं ते न कळून.
तेव्हा तू गाडीचे दिवे लावलेस.
मी ओरडले, आठवतं? म्हटलं, तिला काय चोर पकडायचंय?
उघडा दिवा चेहऱ्यावर थापड मारतो.
आणि तू काही न बोलता आत गेलास,
ताटल्या बाजूला सारून टेबलक्लॉथ ओढून आणलास,
एक टोक तुझ्या हातात, दुसरं गिगोकाकांच्या,
ते झुलत होते आणि त्यांच्याबरोबर उजेडही.

दुधासारखा उजेड, आन्री.
वीस वर्षांत इतका मऊ मला जमला नव्हता.

वाइनचा डाग मला दिसलाच नाही.
तळहाताएवढा, खालच्या खोऱ्यातली काळी वाइन.
त्यातून गाळून आलेला तांबूस कवडसा
तिच्या डाव्या गालावर बसला, हलेना.
मी मागच्या पडद्यावर आत्याला दाखवलं,
ती म्हणाली, बघा, लाजली शेवटी पोरगी.
दारेजानने कॅमेरा हातात घेतला.
गाल बघितलाच नाही तिने.
बोटाने मोठं करत गेली, मोठं करत गेली,
बुबुळापर्यंत,
तिथे एक चुरगळलेला चौकोन, पांढरा,
आणि त्याच्या दोन्ही बाजूंना
दोन बारीक माणसं, हात वर केलेली.

थंडी वाजतेय का? तो टेबलक्लॉथ घे अंगावर.
मागून आणलाय मी तो, त्यांनी विचारलं नाही कशाला.
उद्या तुझी आई धुवायला मागेल.
देऊ नकोस.